गोळीने झोप येते. खाज जाते का?

डोकं दुखतंय म्हटलं की कुणीतरी बाम पुढे करतं. पाठ धरलीय म्हटलं तर लोकलमध्येसुद्धा एखादी बाई सरकून चौथी सीट देते. अंगाला खाज सुटलीय असं मात्र चारचौघांत सांगून बघा. समोरचा आधी हसतो, मग नकळत अर्धं पाऊल मागे जातो आणि मिनिटभरात स्वतःचाच कोपर खाजवायला लागतो. (हे शेवटचं थट्टेने म्हणत नाहीये. दुसऱ्याला खाजवताना बघून बघणाऱ्यालाही खाज सुटते, यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. वाचता वाचता तुमचा हात मानेकडे गेला असेल तर माझा इलाज नाही.)

म्हणून मुंबईत खाजेचा पहिला डॉक्टर म्हणजे नाक्यावरचा केमिस्ट. डॉक्टरकडे नंबर लावण्याएवढं हे दुखणं मोठं वाटत नाही आणि घरात मोकळेपणी बोलण्याएवढं ते सभ्य नसतं. काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत उगाच टूथपेस्टचे खोके वाचत उभं राहायचं आणि मग आवाज खाली आणून म्हणायचं, "खाजेवर काहीतरी द्या ना." तो कुठे, कधीपासून, घरात आणखी कुणाला, काही विचारत नाही. स्ट्रिपमधून कात्रीने चार गोळ्या कापतो. बहुतेक वेळा सेट्रिझिन किंवा लेवोसेट्रिझिन. "रात्री घ्या ताई, झोप येईल."

झोप येईल हे तो इशारा म्हणून सांगतो आणि आपण ते आश्वासन म्हणून ऐकतो. माझी सगळी तक्रार या एका वाक्याच्या आसपासची आहे, आणि ती केमिस्टबद्दल कमी, आपल्याबद्दल जास्त आहे.

माझ्या अंगावर लहानपणापासून पित्त उठतं. दादरच्या चाळीत आम्ही राहायचो तेव्हा आजी वाटीत आमसुलं भिजत घालायची आणि ती कुस्करून ते गार, लालसर पाणी दंडावर, पोटावर, पाठीवर चोळायची. पेटीकोटला डाग पडायचे ते कायमचे. शेजारच्यांकडे मुलांना घोंगडीवर लोळवत. आमच्याकडे त्या प्रकाराला 'अडाणीपणा' म्हणत आणि आमसुलाला शास्त्र! फारच गांधी उठल्या, डोळे सुजले, तर वडील खालच्या दुकानातून अविल आणायचे. अर्धी गोळी. तासाभरात खाज ओसरायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पहिले दोन तास मी डोळे उघडे ठेवून झोपायची.

पुढे कधीतरी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्या हातावर जे करून दाखवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पेनाच्या बंद टोकाने त्यांनी मनगटापासून कोपराकडे एक रेघ ओढली. "आता बघत राहा." आधी रेघेपुरती त्वचा लाल झाली. मग त्या लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट लाली पसरली, शाई टिपकागदावर फुटावी तशी वेडीवाकडी. आणि मग, दोन-तीन मिनिटांत, रेघच उठून आली. बोटाने चाचपता येईल अशी, मध्ये पांढुरकी. अन् तिच्याबरोबर ती ओळखीची खाज. लंडनच्या थॉमस लुइस या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हे तिन्ही टप्पे बारकाईने नोंदवून ठेवले. जोरात ओरखडा काढला तर हे कमीअधिक सगळ्यांच्याच कातडीवर होतं. माझ्यासारखीला नुसतं पेनाचं टोक पुरतं. त्वचेतून हिस्टामिन या रसायनासारखंच काहीतरी बाहेर पडत असणार, असा लुइस यांचा कयास होता. ते खरंच हिस्टामिन असतं. त्वचेतल्या मास्ट पेशी ते पोटात साठवून बसलेल्या असतात. त्या फुटल्या की केशवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं, गांधी फुगते आणि मज्जातंतू मेंदूला कळवतात: खाजव.

हिस्टामिन शरीरात काय काय उद्योग करतं हे हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये दाखवलं. त्याला अडवणारं पहिलं रसायन सापडायला १९३७ उजाडलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी ते शोधलं. ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी होतं, पण वाट सापडली होती. बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं ते अशाच कामांसाठी.

गोळी काम कशी करते? गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही, धुऊन काढत नाही. एसटी स्टँडात लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. हिस्टामिन जिथे येऊन बसणार त्या जागा गोळी आधीच धरते. आता रुमाल टाकायचा तो माणसं चढायच्या आधी. सगळे बसल्यावर रुमाल फडकवून काय उपयोग? पित्ताच्या रोग्यांचं नेमकं इथेच बिनसतं. गांधी उठल्या की गोळी, बसल्या की गोळी बंद, पुन्हा उठल्या की पुन्हा शोधाशोध. महिनोन् महिने रोज पित्त उठणाऱ्याने गोळी ठरल्या वेळी रोज घ्यायची असते, गांधी असोत वा नसोत. मला हे समजायला वेळ लागला, कारण औषध 'गरज लागली तर' घ्यायचं हा आपल्याकडे काटकसरीइतकाच पवित्र मानलेला संस्कार आहे.

सहा आठवड्यांहून जास्त काळ पित्त उठत राहिलं तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. त्यातल्या बहुतेकांना बाहेरचा गुन्हेगार सापडतच नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या मास्ट पेशींना डिवचत असते. घरात मात्र खटला वांग्यावर चालतो. मग अंडं, मग शेंगदाणे, मग आंबवलेलं सगळं. माझ्या एका मावसबहिणीने इतक्या गोष्टी सोडल्या की शेवटी ती मऊ भात आणि मुगाच्या वरणावर आली, आणि पित्त होतं तिथेच होतं. माझं निमित्त तर ताटात नव्हतंच. गच्च भरलेल्या डब्यात पर्सचा पट्टा खांद्यावर रुततो आणि मेच्या घामाने ब्लाउजची शिवण काचते, तिथे बरोबर पट्ट्याच्या रुंदीची गांधी उठते. दाब, घाम, उष्णता हे पित्ताचे जुने मित्र आहेत आणि विरार-चर्चगेट लोकलमध्ये तिघेही पास काढून येतात. डोकेदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननेही पुष्कळांचं पित्त भडकतं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही.

साध्या डोसने भागलं नाही तर नव्या प्रकारच्या गोळ्यांचा डोस डॉक्टर चौपटीपर्यंत वाढवू शकतात. त्यानेही नाही भागलं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं, चार आठवड्यांतून एकदा. हे सगळं डॉक्टरच्या हातचं. मी इथे लिहिलं म्हणून कुणी उद्या एकदम चार गोळ्या गिळू नयेत. आणखी एक, आणि हे गंमतीत घेऊ नका: गांधीबरोबर जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास लागला, चक्कर आली, तर सेट्रिझिन शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग गाठायचा. तिथे पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतं.

तर पित्तावर ही गोळी खरोखर गुणाची. माझा तिच्यावर राग नाही, उलट मी तिची ऋणी आहे.

झोपेचं काय? हिस्टामिन फक्त कातडीत नसतं, मेंदूतही असतं आणि तिथे त्याचं काम आपल्याला जागं ठेवण्याचं. अविलसारख्या जुन्या गोळ्या रक्तातून थेट मेंदूत शिरतात आणि तिथल्याही जागा अडवतात, म्हणून डोळे मिटतात. नंतरच्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत. त्यांच्या जन्माची हकीगत मला फार आवडते. हायड्रॉक्सिझिन हे १९५० च्या दशकातलं, सपाटून झोप आणणारं औषध. ते पोटात गेल्यावर शरीर त्याचं जे रूपांतर करतं ते म्हणजे सेट्रिझिन. तेच मग वेगळं काढून गोळी म्हणून दिलं, तर खाज थांबली आणि झोप बरीच कमी झाली. टर्फेनॅडिनचंही असंच. त्याने झोप येत नसे, पण काही औषधांबरोबर घेतलं की हृदयाचे ठोके बिघडत, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं. शरीर त्याचं जे रूपांतर करतं ते फेक्सोफेनाडिन, आणि त्यात तो धोका नाही. म्हणजे दोन्ही वेळा चांगलं औषध आपल्या शरीराने आधीच बनवून ठेवलेलं होतं. (फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावं. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही.) सेट्रिझिनने मात्र काही जणांना अजूनही झोप येते. मी त्यातलीच. नवरा तीच गोळी घेऊन रात्री दोनपर्यंत क्रिकेट बघतो.

आता इथून पुढे गोंधळ. आपण धरून चाललोय की खाज म्हणजे हिस्टामिन आणि हिस्टामिन म्हणजे ही गोळी. तसं नाही, आणि त्याचा पुरावा माझ्या सासरी कोकणात कुंपणावर चढलेला आहे. खाजकुयली. शेंगेवरची ती सोनेरी-तपकिरी लव एकदा मनगटाला लागली की माणूस नाचतो. दीर शेण चोळतात, सासूबाई राख लावतात, आणि शहरातून गेलेली मी पर्समधली सेट्रिझिन काढते. काही फरक पडत नाही. पडणारच नव्हता. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, ते मज्जातंतूंना वेगळ्याच दाराने उठवतं. त्या खाजेत पित्तासारखी लाली पसरत नाही, आणि ती मेंदूकडे नेणारे तंतूही निराळे. जगभरच्या प्रयोगशाळांत खाजेवर संशोधन करणारे लोक म्हणूनच खाजकुयलीची एकेक कुसळ चिमट्याने उचलून स्वयंसेवकांच्या हातावर ठेवतात. आमच्या दिरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "त्या लोकांना त्याचे पैसे मिळतात काय?"

इसबाची खाज पुष्कळशी या दुसऱ्या जातीची. माझ्या भाचीला लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत. तिची कातडी ओलावा धरून ठेवत नाही आणि आतली दाहाची रसायनं, त्यात इंटरल्युकिन-३१ सारखी, मज्जातंतूंना सतत टोचत असतात. हिस्टामिनचा त्यात वाटा थोडा. म्हणून इसबावर नुसत्या या गोळ्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. उपयोग होतो तो आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच भरपूर क्रीम चोपडण्याचा आणि डॉक्टरने दिलेलं मलम दिलं तेवढे दिवस नीट लावण्याचा. तरी माझी वहिनी शपथेवर सांगायची की सिरपने गुण येतो. येत होता तो असा: मुलगी गाढ झोपायची, म्हणून कमी खाजवायची, म्हणून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके कमी दिसायचे. याला मी कमी लेखत नाही. ज्या घरात रात्री तीनला मूल अंग ओरबाडत रडतं त्या घराला झोपेची किंमत विचारा. रात्री अंगाची ऊब वाढते, लक्ष दुसरीकडे नसतं, सगळीच खाज वाढते. पण झोपेसाठी औषध देतोय हे माहीत असणं वेगळं आणि खाजेवर औषध देतोय असं समजून क्रीमची बाटली तशीच ठेवणं वेगळं.

गजकर्णाचं तर मुंबईत काही विचारूच नका. जून ते ऑक्टोबर कपडे वाळत नाहीत, ओली जीन्स तशीच चढवून माणसं दीड तास लोकलला लटकतात, जांघेत आणि कमरेला चकंदळं उठतात. लाजेने कुणी दाखवत नाही. केमिस्टकडून एक गोळी आणि एक ट्यूब. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, गोळी खाज दाबते, चार दिवस स्वर्ग. आत बुरशी निवांत पसरते, वरची कडा मात्र पुसट होते, इतकी की पुढे डॉक्टरलाही ओळखणं कठीण जावं. गेल्या काही वर्षांत तर टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात पसरलीय. तिला नावच मुळी ट्रायकोफायटन इंडोटिनी मिळालं. देशाचं नाव असं कुठे कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हाताऱ्या माणसांबद्दल मात्र मला खरंच काळजी वाटते. सासूबाईंच्या पायांना हिवाळ्यात खाज सुटते, कातडी माशाच्या खवल्यासारखी कोरडी. कुणीतरी त्यांना जुन्या प्रकारची गोळी सुरू करून दिली होती. खाज तशीच, पण सकाळी तोल जायचा, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि एकदा तर भर दुपारी त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. या गोळ्या म्हाताऱ्यांत गोंधळ घालतात, पुरुषांत प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते, रात्री उठताना पडून खुबा मोडायची भीती वेगळीच. वयस्कांना त्या शक्यतो देऊ नयेत असं डॉक्टरांच्या याद्यांत स्पष्ट असतं. गोळी बंद झाली, खोबरेल आणि साधं क्रीम सुरू झालं, आंघोळीचं पाणी कढत घेणं आम्ही भांडून थांबवलं. खाज पुष्कळ कमी झाली. बादलीत गार पाणी घालून द्यावं लागतं म्हणून त्या अजून रुसतात. आणि अंगावर काहीच दिसत नसताना खाज आठवडे टिकली तर रक्त तपासून घ्यावं: मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड. डायलिसिसवरच्या माणसांची खाज भयंकर असते आणि तिथेही आपली ही गोळी सहसा हात टेकते.

बंद करण्याचाही एक मुद्दा आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की सेट्रिझिन किंवा लेवोसेट्रिझिन महिनोन् महिने रोज घेऊन अचानक थांबवल्यावर काही जणांना सर्वांगाला तीव्र खाज सुटते, आधी खाज नसली तरी. हे विरळा आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण शिंकांसाठी वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असायला हवं.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते शेजारच्या वहिनींमुळे. त्यांच्या मुलाला रात्री खाज सुटायची, केमिस्टकडचं सिरप चालू होतं, मुलगा झोपायचाही. मग वहिनींना सुरू झालं, मग भावोजींना. एकाच घरात रात्रीची खाज तिघांना, आणि मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या. मी म्हटलं, "वहिनी, आता सिरप पुरे, डॉक्टरला दाखवा." खरूज निघाली. पर्मेथ्रिनचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, आठवड्याने पुन्हा, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. सासरे अडून बसले, "मला खाजत नाही, मी लावणार नाही." पहिल्यांदाच खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर किडे आत बिळं करत असतातच, हे डॉक्टरांनी फोनवर समजावलं तेव्हा कुठे तयार झाले.

मलम लावलं तरी मुलगा खाजवतच होता. वहिनी तणतणत आल्या, औषध फुकट गेलं म्हणून. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत राहतात आणि खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. त्यासाठी डॉक्टरांनी रात्रीपुरतं सिरप लिहून दिलं. आधी चालू होतं तेच.

"म्हणजे हेच औषध ना!" वहिनी म्हणाल्या. "मग मी आधी देत होते तर काय बिघडलं?"

"तेव्हा किडे जिवंत होते."

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू किडे मीच पाळले होते. दुसऱ्या शनिवारी सासरे न सांगता ट्यूब मागायला आले म्हणे. पाठीला कोण लावणार यावरून मात्र त्यांच्या घरातला वाद आमच्या भिंतीपलीकडून बराच वेळ ऐकू येत होता.